एका दिवसाची ऑर्कनी

युरोपच्या सहलीची कार्यक्रमपत्रिका हा आपल्या मध्यमवर्गीय घरांतील एक नवा ग्रंथप्रकार होऊन बसला आहे. दिवाळीच्या सुमारास ती घरात येते, संक्रांतीपर्यंत तिची पारायणे होतात, शिमग्याला तिच्यावरून घरात दोन तट पडतात, आणि मे महिन्यात तिच्यातील आज्ञा अक्षरशः पाळल्या जातात. कथा, कविता आणि नाटके यांवर टीकेचे आसूड ओढणाऱ्या आमच्या मासिकांनी या ग्रंथप्रकाराकडे मात्र डोळेझाक करावी याचे आम्हांस नवल वाटते. ज्या चार पानांपायी एका कुटुंबाची दोन-तीन वर्षांची शिल्लक खर्ची पडते, त्यांच्या गुणदोषांची चर्चा व्हावयास नको काय?

नुकतीच अशी एक पत्रिका आमच्या हाती आली. कोणाची, ते सांगण्याचे कारण नाही; तिच्यासारख्या पुष्कळ आहेत. बारा दिवसांत इंग्लंड आणि स्कॉटलंड उरकावयाचे असून त्यांतील दहावा दिवस ऑर्कनी बेटांना बहाल केलेला आहे. ही बेटे जगाच्या टोकावर आहेत अशी ग्वाही तीत दिली असून पुढे घड्याळ मांडले आहे. भल्या पहाटे मोटारगाडीने स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्यास. तेथून बोटीने पलीकडे. पाच हजार वर्षांपूर्वीचे गाव चाळीस मिनिटे. शिळांचे वर्तुळ वीस मिनिटे. कर्कवॉल शहर, मध्ययुगीन कॅथीड्रल आणि खरेदी मिळून एक तास. इटालियन कैद्यांनी बांधलेले देऊळ पंधरा मिनिटे. आणि रात्री पुन्हा मुख्य भूमीवर मुक्काम. चहापाण्यासाठी दोन ठिकाणी मिळून पन्नास मिनिटे राखून ठेवली आहेत, म्हणजे पाच हजार वर्षांपेक्षा दहा मिनिटे अधिक! सत्यनारायणाची पोथी एका दमात वाचून पुढच्या यजमानाकडे धावणाऱ्या भटजींनाही इतकी घाई नसते. ते निदान पाचही अध्यायांची नावे तरी घेतात.

आमची तक्रार केवळ घाईची असती तर एवढी शाई आम्ही खर्ची घातली नसती. घाई ही एक सवय आहे आणि ती सुटते. त्या पत्रिकेच्या बुडाशी जी कल्पना आहे ती मात्र चुकीची आहे, आणि तीच सगळ्या दिवसाचे वाटोळे करते. ती कल्पना म्हणजे 'टोक'. एखादे स्थळ टोकाला आहे असे एकदा ठरले की त्याला टोकापुरताच वेळ द्यावयाचा, हे ओघानेच आले. टोकाला हात लावून परत फिरावयाचे असते. टोकावर कोणी राहत नाही.

पण टोक कोणाचे? लंडनच्या खुर्चीत बसून नकाशा पाहिला तर एकोणसाठाव्या अक्षांशावरील ही सत्तरेक बेटे कागदाच्या वरच्या कडेला लागलेली दिसतात, यात शंका नाही. त्यांतील विसेक बेटांवर मिळून सुमारे बावीस हजार माणसे राहतात; आपल्याकडील एखाद्या लहान तालुक्याच्या गावाएवढीच वस्ती. मध्ये पेंटलंडची खवळलेली सामुद्रधुनी. एवढ्यावरून ऑर्कनी दूरची ठरवावयाची, तर मग आमचे कोकणही एके काळी मुंबईच्या गोदीतून सुटणाऱ्या बोटींमुळे जवळ होते आणि रस्ते झाले तरी घाटामुळे दूर होते, हे कोणी समजावून सांगावे? दूर आणि जवळ ही पाण्याने वा जमिनीने ठरणारी गोष्ट नसून माणसे कोणत्या वाटेने ये-जा करतात त्यावर ठरणारी आहे. माणसे गलबतांनी हिंडत होती तेव्हा ऑर्कनी टोकाला नव्हती. ती हमरस्त्यावर होती.

प्रथम सर्वांत जुन्या काळाकडे पाहा. १८५० च्या हिवाळ्यात एका प्रचंड वादळाने मुख्य बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरील वाळूची टेकडी फाडली आणि खालून घरे निघाली. हेच ते स्कारा ब्रे. पुढे १९२८ ते १९३० या काळात गॉर्डन चाइल्ड या विख्यात पुरातत्त्वज्ञाने तेथे उत्खनन केले. म्हणजे आपल्याकडे मोहेंजोदडोच्या विटा उजेडात येत होत्या त्याच दशकात. आज मानला जाणारा काळ इ. स. पूर्व सुमारे ३१०० ते २५०० हा आहे. गिझाचा मोठा पिरॅमिड उभा राहिला त्याच्या कित्येक शतके आधी या लोकांच्या घरी चूल पेटत होती. आणि चूल म्हणजे अलंकारिक अर्थाने नव्हे. ती चौकोनी चूल अजून घराच्या मध्यभागी जशीच्या तशी आहे. दोन्ही बाजूंस दगडी पेटीसारखे बिछाने आहेत, भिंतीत कोनाडे आहेत, जमिनीत चिरे लावून केलेले लहान हौद आहेत, आणि दारातून आत येणाऱ्याच्या नजरेस प्रथम पडेल अशा जागी, अगदी समोर, दगडाचे फडताळ आहे. झाडे जवळजवळ नसलेल्या त्या बेटांवर लाकडाचे काम दगडाने केले म्हणून ते टिकले. आमच्या जुन्या वाड्यांतील फडताळे वाळवीने खाल्ली, हे उरले.

आता चाळीस मिनिटांचा पाहुणा येथे काय करतो? घरांना छप्पर नाही, आत उतरता येत नाही. भिंतींच्या माथ्याजवळून जाणाऱ्या पाऊलवाटेवरून खाली डोकवावयाचे असते. तो पहिल्या घरात डोकावतो, छायाचित्र घेतो, दुसऱ्यात डोकावतो, तेच दिसते, तिसऱ्यात डोकावत नाही. वास्तविक तेच दिसते हीच तेथील मोठी गोष्ट! सारी घरे जवळपास एका मापाची, एका मांडणीची, एकमेकांस बोळांनी जोडलेली. कोणाचा वाडा मोठा आणि कोणाची झोपडी लहान असा भेद त्या रचनेत उठून दिसत नाही. हे ध्यानात यावयास सगळी घरे पाहावी लागतात आणि मग पहिल्याकडे परत यावे लागते. चाळीस मिनिटांत माणूस परत येतो तो मोटारीकडे.

या गावापासून आत, दोन सरोवरांच्या मधल्या चिंचोळ्या भूमीवर, ब्रॉडगरचे वर्तुळ आहे. व्यास १०४ मीटर. मूळच्या साठ शिळांपैकी छत्तीस शिल्लक आहेत. जवळच स्टेनेसच्या उंच, पात्यासारख्या पातळ शिळा आहेत आणि पलीकडे मेझहाउ हा प्रचंड समाधि-टेकाड आहे. त्याच्या आत शिरण्यासाठी सुमारे दहा मीटर लांबीच्या बुटक्या बोळातून वाकून जावे लागते. हिवाळ्यातील सर्वांत लहान दिवसांच्या सुमारास मावळता सूर्य नेमका त्या बोळातून आत शिरतो आणि मागच्या भिंतीवर पडतो. ज्यांनी हे जुळवून आणले ते जगाच्या टोकावर बसून थंडीने कुडकुडणारे रानटी लोक नव्हते. खोबणींची नक्षी असलेली एका विशिष्ट घडणीची मातीची भांडी पुढे दक्षिण इंग्लंडात स्टोनहेंजपर्यंत सापडतात; त्यांची सर्वांत जुनी उदाहरणे ऑर्कनीत मिळतात. म्हणजे फॅशन उत्तरेकडून दक्षिणेकडे गेली. लंडन तेव्हा कोठे होते, असे विचारण्याचा मोह आम्हांस आवरत नाही.

मेझहाउसंबंधी एक गंमत सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. बाराव्या शतकात नॉर्वेच्या वंशातील दर्यावर्दी लोक हे टेकाड फोडून आत शिरले आणि आतल्या चिऱ्यांवर त्यांनी आपल्या रून लिपीत सुमारे तीस लेख कोरून ठेवले. कोणी नुसते आपले नाव कोरले, कोणी आपल्याइतके सुबक कोरणारा पश्चिम समुद्रात नाही अशी बढाई मारली, कोणी एका स्त्रीच्या रूपाची वाखाणणी केली, कोणी गाडलेल्या धनाची आवई उठवली. रायगडापासून अजिंठ्यापर्यंत आमच्या तरुणांनी खिळ्याने जे वाङ्मय निर्माण केले आहे त्याच जातीचे हे आहे. आठशे वर्षांनी तेही पुराणवस्तूंत जमा होईल अशी आशा मात्र आमच्या तरुणांनी बाळगू नये; त्या नॉर्स लोकांना निदान भिंतीवर लिहिण्याखेरीज दुसरा कागद नव्हता.

या लोकांच्या काळात ऑर्कनी म्हणजे सागरी चव्हाटाच होता. नॉर्वेहून निघालेले जहाज शेटलंडवरून ऑर्कनीस, तेथून हेब्रिडीज बेटांवरून आयर्लंडात डब्लिनला उतरत असे. येथील अर्ल रॉग्नवाल्ड हा स्वतः कवी. त्याने ११३७ साली आपला मामा मॅग्नस याच्या स्मरणार्थ कर्कवॉलच्या कॅथीड्रलचा पाया घातला आणि ११५१ साली जहाजे घेऊन तो जेरुसलेमच्या यात्रेस गेला. हे मॅग्नसचे प्रकरण म्हणजे अस्सल भाऊबंदकी. दोघे चुलतभाऊ एका सत्तेचे वाटेकरी, तडजोडीसाठी एगिल्से या लहान बेटावर भेट ठरते, एक जण कबुलीपेक्षा अधिक जहाजे आणतो, आणि दुसऱ्याच्या डोक्यात कुऱ्हाड पडते. भाऊबंदकीचा इतिहास ज्यांच्या हाडीमाशी खिळला आहे अशा मराठी वाचकांस ही कथा परकी वाटावयाची नाही. १९१९ साली कॅथीड्रलच्या एका खांबात पेटी सापडली. तीत हाडे होती आणि कवटीवर घाव होता. तांबड्या आणि पिवळसर वालुकाश्माच्या त्या इमारतीत, त्या खांबाशी, तुम्ही उभे राहता. पण खरेदीसह एका तासात!

बेटे स्कॉटलंडकडे कशी आली हेही ऐकण्यासारखे आहे. १४६८ साली डेन्मार्क-नॉर्वेचा राजा क्रिस्त्यान याने आपली कन्या मार्गारेट स्कॉटलंडचा राजा तिसरा जेम्स यास देऊ केली. हुंड्याची रक्कम हाताशी नव्हती, म्हणून पन्नास हजार फ्लोरिनांपोटी ऑर्कनी बेटे गहाण टाकली; पुढच्या वर्षी उरलेल्या रकमेपायी शेटलंडही टाकले. गहाण कधी सुटले नाही. १४७२ साली सावकाराने माल आपल्या नावावर करून घेतला, बेटांवरील नॉर्न भाषा पुढील तीन-चार शतकांत हळूहळू मेली, आणि उत्तर समुद्राच्या मधोमध असलेला मुलूख एकाएकी एका दक्षिणाभिमुख राज्याचे शेपूट झाला. टोक म्हणून जे आम्ही पाहावयास जातो ते या हुंड्याच्या बाकीतून निर्माण झालेले आहे. हुंड्याने घरे बुडाल्याची उदाहरणे आमच्या समाजात पुष्कळ आहेत. देश टोकाला गेल्याचे हे एकच आमच्या ऐकण्यात आहे.

आणि तरीही समुद्राने ऑर्कनीस सोडले नाही. स्ट्रॉमनेस गावच्या एकुलत्या एक लांब, वाकड्यातिकड्या फरसबंद रस्त्याच्या कडेस एक बुजविलेली विहीर आहे. तिच्यावरील पाटीवरून कळते की हडसन बे कंपनीची जहाजे १६७० पासून १८९१ पर्यंत येथे पाणी भरीत. १७८० साली कॅप्टन कुकच्या मोहिमेवरून परतणारी जहाजे येथे थांबली, आणि १८४५ साली उत्तर ध्रुवाकडे जाऊन कायमची नाहीशी झालेली फ्रँकलिनची जहाजेही येथूनच पाणी घेऊन गेली. अठराव्या शतकाच्या अखेरीस कॅनडातील त्या कंपनीच्या नोकरांत ऑर्कनीच्या लोकांचा भरणा सर्वांत मोठा होता. त्यांतलाच एक डॉ. जॉन रे. फ्रँकलिनच्या माणसांचे काय झाले याची पहिली खरी बातमी त्याने १८५४ साली आणली. ती त्यास एस्किमो लोकांनी, ज्यांना आज इन्युइट म्हणतात त्यांनी, सांगितली होती. उपासमारीने शेवटी त्या माणसांनी आपल्याच सोबत्यांचे मांस खाल्ले, हे तीत होते. लंडनमधील सभ्य समाज खवळला. खुद्द डिकन्सने आपल्या साप्ताहिकात लेख लिहून, रानटी लोकांच्या साक्षीवर विसंबून इंग्रज वीरांस कलंक लावता येणार नाही, असा पक्ष मांडला. पुढे सापडलेल्या हाडांवरील सुरीच्या खुणांनी रे आणि त्याचे साक्षीदार खरे ठरविले. कर्कवॉलच्या कॅथीड्रलात त्याचे दगडी स्मारक आहे; शिकारीचे कपडे घालून, बंदूक बाजूस ठेवून, उघड्यावर निजावे तसा तो निजला आहे. डिकन्स आमच्याही आवडीचा लेखक आहे, परंतु या वादात टोकाचा माणूस बरोबर होता आणि मध्यावरचा चूक, हे नमूद केलेच पाहिजे.

विसाव्या शतकातील दोन्ही महायुद्धांत तर या बेटांनी वेढलेले स्कापा फ्लो हे ब्रिटिश आरमाराचे ठाणेच होते. २१ जून १९१९ रोजी जर्मनांनी तेथे नजरकैदेत असलेले आपले आरमार आपल्याच हातांनी बुडविले. चौऱ्याहत्तर जहाजांपैकी बावन्न तळास गेली. १४ ऑक्टोबर १९३९ च्या रात्री एका जर्मन पाणबुडीने आत शिरून 'रॉयल ओक' हे जहाज बुडविले आणि आठशेंहून अधिक खलाशी मेले. त्यानंतर पूर्वेकडील फटी बुजविण्यासाठी दगडी बांध घालण्यात आले. त्या कामावरील इटालियन युद्धकैद्यांनी लोखंडी पत्र्याच्या दोन अर्धगोल झोपड्या जोडून, सिमेंट आणि भंगार यांतून जे देऊळ उभे केले तेच पत्रिकेतील पंधरा मिनिटांचे धनी. आपल्याकडील कर्झन-किचनेर तंटा ज्यांना ठाऊक आहे त्यांनी मुख्य बेटाच्या वायव्येकडील मार्विक हेडच्या कड्यावर अवश्य जावे. १९०२ ते १९०९ हिंदुस्थानचा सरसेनापती असलेला हा किचनेर ५ जून १९१६ रोजी रशियाकडे जात असता तेथूनच समोर दिसणाऱ्या पाण्यात पाणसुरुंगाने बुडाला. जहाजावरील अवघी बारा माणसे वाचली. कड्यावर त्याच्या नावाचा मनोरा आहे आणि खाली कपारीकपारींतून हजारो समुद्रपक्षी कलकलाट करीत असतात. साम्राज्यांच्या अभिमानाबद्दल काय बोलावयाचे ते पक्षी बोलतातच.

आता कोणी म्हणेल, हे सगळे ठीक आहे, पण इतके पैसे खर्चून विलायतेस गेल्यावर जे जे पाहता येईल ते ते पाहून घेणेच शहाणपणाचे नव्हे काय? पुन्हा कोण जातो? हा आक्षेप आम्ही हलका समजत नाही. व्हिसा, विमान, मुक्काम यांचा खर्च ज्याच्या पोटाला चिमटा काढतो त्याला प्रत्येक दिवसाचा मोबदला हवासा वाटणे स्वाभाविक आहे. पण त्याच न्यायाने विचार केला पाहिजे. इन्व्हर्नेसहून एका दिवसात ऑर्कनी करून येणारा माणूस आपल्या जाग्या वेळेपैकी निम्म्याहून अधिक वेळ मोटारीत आणि बोटीत काढतो. त्याने पैसे मोजले ते गादीच्या खुर्चीसाठी. आमचा हिशेब सरळ आहे: बारा दिवसांत सहा शहरे धुंडाळण्याऐवजी चार दिवस एडिंबरोस आणि आठ दिवस ऑर्कनीत राहावे. पाच हॉटेले बदलण्याची यातायात वाचते, गाडीभाडे वाचते, आणि एकाच घरी आठवडाभर मुक्काम केल्यास स्वयंपाकघरही मिळते. म्हणजे वरणभाताची चिंता करणाऱ्या वडीलधाऱ्यांची सोय होते. ज्यांची मुले-सुना नोकरीनिमित्त इंग्लंडात आहेत त्यांना तर ही गोष्ट अधिकच सुलभ आहे. लहान मुले कंटाळतील ही भीतीही व्यर्थ. मुले कंटाळतात ती मोटारीत. समुद्रकाठी, जेथे सील दगडांवर पडून त्यांच्याकडे बघत असतात, तेथे कंटाळलेले मूल आम्हांस कोणी दाखवावे.

आठ दिवस आम्ही उगाच म्हणत नाही. ऑर्कनीतील वेळापत्रक माणसाने केलेले नाही. मुख्य बेटाच्या वायव्य कोपऱ्यात बर्सेचे लहान बेट आहे. त्यावर नॉर्स वस्तीचे अवशेष आहेत. तेथे चालत जाता येते, पण ओहोटीच्या आधी-नंतर सुमारे दोन-दोन तासच. एरवी वाट पाण्याखाली. पत्रिकेतल्या दुपारच्या दोन वाजता भरती असेल तर बर्से नाही. हॉय बेटास जावयाचे, समुद्रातून १३७ मीटर उंच उठलेला तो दगडी खांब पाहावयाचा, तर चालण्यास दिवस हवा आणि धुके नसलेला दिवस हवा. तो कोणता उजाडेल हे आदल्या रात्रीपर्यंत कळत नाही. उन्हाळ्यातही गार वारा असतो, आणि वाऱ्याच्या मनात आले तर बोट सुटतच नाही. स्क्रॅब्स्टरहून स्ट्रॉमनेसला दीड तास, गिल्स बेहून सेंट मार्गारेट्स होपला सुमारे एक तास, ॲबर्डीनहून कर्कवॉलला सहा तास असे मार्ग आहेत. पण हे आकडे शांत समुद्राचे. म्हणून ज्याने बोटीच्या दुसऱ्याच दिवशी लंडनहून विमानाचे तिकीट काढून ठेवले आहे, त्याने आपली सहल वाऱ्याकडे गहाण टाकली असे समजावे.

उलट काही गोष्टी आधी ठरविल्याच पाहिजेत. मेझहाउत वाटाड्याबरोबर थोड्याच माणसांस सोडतात, तेव्हा तेथील जागा घरूनच राखावी. मोठी प्रवासी जहाजे कोणत्या दिवशी कर्कवॉलला लागणार याची यादी बंदरखाते आगाऊ प्रसिद्ध करते. ती पाहून त्या दिवशी प्रसिद्ध ठिकाणांकडे पाठ फिरवावी आणि लहान बेटांची वाट धरावी. ब्रॉडगरला दरवाजा नाही, तिकीट नाही. मे-जूनमध्ये रात्री दहालाही उजेड असतो, तेव्हा जेवून जावे. आमच्या शाळांची मे महिन्याची सुट्टी या बेटांच्या उत्तम ऋतूशी इतकी जुळते की आम्हांस त्याचा फायदा न घेणे करंटेपणाचे वाटते. वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांमधील विमानाचा प्रवास जेमतेम दोन मिनिटांचा, जगातील सर्वांत लहान. तो करून मिरवावे म्हणून पुष्कळ लोक जातात आणि त्याच विमानाने परततात. ज्या पापा वेस्ट्रेवर ते पाऊल टाकून माघारी फिरतात तेथे नॅप ऑफ हाउवर ही दोन दगडी घरे आहेत, स्कारा ब्रेहूनही जुनी, इ. स. पूर्व ३७०० च्या सुमाराची! एक रात्र तेथे राहिले तर ती घरे तुमची एकट्याची असतात.

वाचनही आधी ठरवावे. 'ऑर्कनेयिंगा सागा' हा अर्लांचा इतिहास १२०० च्या सुमारास आइसलंडात लिहिला गेला. त्याचे पाल्सन आणि एडवर्ड्स यांनी केलेले सुबोध इंग्रजी भाषांतर १९७८ पासून मिळते. एडविन म्यूर हा ऑर्कनीचाच शेतकऱ्याचा मुलगा. त्याचे आत्मचरित्र वाचावे. आणि स्ट्रॉमनेस सोडून सहसा कोठे न गेलेल्या जॉर्ज मॅके ब्राउनची एखादी कथा तरी वाचावी. पोथी न वाचता पूजेस बसणे आम्हांस पसंत नाही.

आता ज्या गोष्टीमुळे हा लेख लिहिण्याची खरी निकड वाटली तिच्याकडे येतो. आमची एक मोटारभर माणसे एका दिवसात ऑर्कनी उरकून आली तर नुकसान त्यांचे. परंतु हीच पत्रिका मोठ्या प्रमाणावर समुद्रावर तरंगू लागली आहे. अलीकडच्या वर्षांत वर्षाकाठी दोनशेंच्या आसपास प्रवासी जहाजे ऑर्कनीस लागत आहेत. त्यांतून उतरणाऱ्यांची संख्या बेटांच्या वस्तीच्या कितीतरी पट भरते. एकेका जहाजात तीन-चार हजार माणसे असतात. ती सकाळी उतरतात, ठरलेल्या बसांतून ठरलेल्या चार जागी जातात, आणि रात्रीचे जेवण जहाजावर आयते असल्यामुळे संध्याकाळी परततात. ब्रॉडगरच्या वर्तुळातील पाऊलवाट त्यांच्या पायांखाली चिखल होते आणि ती वेळोवेळी बंद ठेवावी लागते. जहाजांमुळे दुकाने चालतात, बंदराला उत्पन्न होते, असे बेटांवरचेच कित्येक म्हणतात, आणि ते खोटे नाही. या उत्पन्नाचा हिशेब बेटवासीयांनीच करावयाचा आहे. आम्ही परक्यांनी त्यांस अर्थशास्त्र शिकवू नये. आमचा प्रश्न आमच्या लोकांपुरता आहे: यात आपण कोणत्या बाजूस उभे राहणार?

याबाबत स्टेनेसच्या शिळांची एक जुनी हकीगत बोलकी आहे. तेथे पूर्वी ओडिनची शिळा म्हणून एक होती. तिला आरपार भोक होते आणि प्रेमी जोडपी त्या भोकातून एकमेकांचे हात धरून शपथ घेत. ती शपथ ऑर्कनीत लग्नाइतकीच पवित्र मानली जात असे. १८१४ च्या ऑगस्टात सर वॉल्टर स्कॉट दीपगृहांच्या पाहणीस निघालेल्या जहाजातून येथे आला आणि त्याने या शिळा पाहिल्या. पुढे 'पायरेट' ही त्याची कादंबरी याच प्रवासातून निघाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तेथील जमीन कसणाऱ्या एका परगावच्या कुळाने ओडिनची शिळा फोडून टाकली. आणखी एक फोडली व एक आडवी पाडली, तेव्हा कोठे त्यास आवरण्यात आले. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी शेत तुडविले म्हणून तो चिडला होता असे सांगतात. गावकऱ्यांनी त्याचे घर जाळावयाचा प्रयत्न केला म्हणतात. त्या कुळाचे आम्ही समर्थन करीत नाही. पण तुडविलेल्या शेताचे समर्थन तरी कोणी करावे? दोन शतकांपूर्वी ज्या शेतात चार जोडपी आणि एखादा कादंबरीकार येत असे तेथे आज बसांच्या रांगा लागतात.

आठ दिवस राहणारा मनुष्य त्याच शेताच्या मालकाकडून अंडी घेतो, बोटीवर त्याच्या शेजारी बसतो, रविवारी दुकाने लवकर बंद होतात म्हणून त्यालाही चडफडावे लागते, आणि तिसऱ्या दिवसापासून लोक त्याला वारा कसा आहे म्हणून विचारू लागतात. त्याचा पैसा घरमालकास, वाण्यास, लहान बोटींना मिळतो. तो ब्रॉडगरला तीन वेळा जातो. एकदा उन्हात, एकदा पावसात, एकदा कोणी नसताना. नेस ऑफ ब्रॉडगर येथील प्रचंड नवाश्मयुगीन इमारतींचे उत्खनन २००३ पासून चालले होते. ते २०२४ साली संपवून दगड हवेने झिजू नयेत म्हणून सारे पुन्हा मातीखाली झाकण्यात आले. एका दिवसाच्या पाहुण्यास तेथे हिरवे कुरण दिसते आणि तो बस थांबवीत नाही. आठ दिवसांच्या पाहुण्यास खाली काय आहे ते तोपर्यंत कळलेले असते. तो कुंपणाशी थांबतो.

ज्यांच्याजवळ खरोखरच एकच दिवस असेल, आणि नोकरीच्या रजांचा हिशेब पाहता अशी पुष्कळ कुटुंबे असतील, त्यांनी ऑर्कनीस जाऊ नये असे आम्ही स्पष्ट सांगतो. त्यांनी एडिंबरोसच राहावे. तेथील राष्ट्रीय संग्रहालयात स्कारा ब्रेच्या वस्तू काचेच्या कपाटांत मांडल्या आहेत. हाडाच्या सुया आहेत, मणी आहेत, नक्षी कोरलेले दगड आहेत. प्रवेशास पैसे पडत नाहीत, पहाटे उठावे लागत नाही, आणि दिवसभर पाहत बसले तरी मोटारीचा भोंगा वाजत नाही.